मुक्काम रूपला नायकाचा तांडा

हे लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पुस्तकातली मराठी मला अजून परक्या घरासारखी वाटते, तिथे मी पाय आखडून बसतो. दुसऱ्याचं आयुष्य लिहायला मी कोण, हा प्रश्न मला पडला होता आणि अजून सुटलेला नाही. यवतमाळच्या आमच्या कॉलेजने वार्षिक अंकासाठी आपल्या भागातल्या वीरांवर लेख मागवले होते. आमच्या तांड्याला ज्यांचं नाव दिलं आहे त्या शहीद हिरामण यांच्यावर मी लिहीन, असं सरांना सांगून मी गावी गेलो. त्यांनी एकट्याने टँक अडवला, हे भाषण शाळेत मीही पाठ करून म्हटलं आहे. त्यांची धाकटी बहीण सोनाबाई आमच्याच तांड्यात, महागावच्या फाट्यापासून जवळ राहते. आमच्या गोर, म्हणजे बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. तिला सगळे सोनीयाडी म्हणतात. मी टँकबद्दल विचारायला गेलो आणि ती हे बोलली. अर्धं गोर बोलीत, अर्धं वऱ्हाडीत. वाचणाऱ्याला कळावं म्हणून मी सगळं वऱ्हाडीत आणलं. त्यात काही चुकलं असेल तर ती चूक माझी, तिची नाही.

बस बाबू, खाटीवर बस, दार लोटू नको, राहू दे उघडंच, दार उघडं असलं की मले रस्ता दिसते. काय सांगू तुले, तू टँकचं विचारून राह्यला, टँक काई मी पाह्यला नाई. मी बैलाचं सांगू शकते. म्हणजे ते बैल बी मी पाह्यले नाईत, माह्या आज्यानं पाह्यले, पण त्यानं इतक्या डाव सांगितलं की मले वाट्टे मीच त्याइच्या मागं चालत होती. आपली लोकं शेतीवाली कधी होती, हा कापूस अन् सोयाबीन आत्ताचं, आपली लोकं लदेणीवाली, बैलाच्या पाठीवर गोण्या टाकाच्या, मिठाच्या, धान्याच्या, अन् या मुलखातून त्या मुलखात चालत सुटाचं. रूपला नाईक त्या तांड्याचा म्होरक्या. त्यानं एका वर्षी अठी मुक्काम टाकला, बैल थकले होते म्हणून पुढं गेला नाई, म्हणून हे गाव झालं, दुसरं काई कारण नाई. आजा सांगे, दोन फौजा आमनेसामने उभ्या असल्या तरी मधातून आपला तांडा जाये, कोणी हात लावे नाई, काहून की जेवाचं दोघाइलेबी होतं. लढणाऱ्याचे पोवाडे झाले, धान्य आणणाऱ्याचा कोण करते. आजा हे हासत सांगे, रागानं नाई.

तं माह्या भावाचं सांगत होती. हिरामण. मी त्याले वीरा म्हणो, आपल्यात भावाले वीराच म्हणते, तुले तं माहीत हाये, पण लिवशीन तवा नीट लिव, बाहेरच्या लोकाइले नाई समजत. मी तवा फेटियाचा घागरा घालाची पोट्टी, एवढीशी, अन् तो मिसरूड फुटलेला. फौजेच्या भरतीले गेला. साहेबानं इचारलं तुले काय येते, यानं सांगितलं ओझं लादता येते, दोन्ही बाजू सारख्या, चढावर सरकत नाई. बाकीचे पोट्टे हासले म्हणे, पण साहेब नाई हासला, त्यानं याले खेचराच्या पलटणीत टाकलं. वर डोंगरात बर्फ, तठी शिपाई बसलेले, त्याइले पीठ, दाळ, रॉकेल पोचवाचं, खेचर पुढं अन् हा मागं. सुट्टीत आला तं बाच्या समोर बसून हासे, म्हणे बा, सरकारनं मले दिल्ली दाखवली न् फिरवून पुन्हा लदेणीलेच लावलं. बा लय खूश झाला. त्याच्या अंगाले खेचराचा वास येये, माय म्हणे आंधी नदीवर जाय, मंग जवळ ये. खेचराचंच बोले दिवसभर. ते कसं पाऊल टाकते, कसं बर्फ हुंगून थांबते, ते थांबलं की आपण बी थांबाचं. माय म्हणे, एखाद्या पोरीचं इतकं बोलला असता तं लगन लावून देलं असतं.

मंग ते बांगलादेशवाली लढाई लागली, अन् काही दिवसानं तार आली. तार आली म्हटल्यावर चुलीतल्या भाकरीकडं कोणी पाह्यलं नाई, सारा तांडा बाच्या मागं पोस्टापर्यंत चालत गेला. पोस्टातला बाबू तिकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं इंग्रजी वाचलं न् बाले हिंदीत सांगितलं, तुम्हारा लडका लापता है. आता तूच सांग बाबू, आपल्या बोलीत ला म्हणजे आण. पाणी ला, लाकडं ला. बानं ऐकलं ला पता. पत्ता आण. बा म्हणे एवढंच ना, पोट्टा पत्ता इसरला, त्याले घर सापडून नाई राह्यलं. अन् सारा तांडा हासत घरी आला. खरंच सांगते, हासत आला. मायनं त्या दिवशी गुळाचा शिरा केला.

दुसऱ्या दिवशी बा यवतमाळले गेला, फौजवाल्याइच्या हापिसात. मास्तरकडून पत्ता लिवून घेतला नाई त्यानं, म्हणे कागद हरवते, तोंडानं सांगतो. मुक्काम रूपला नायकाचा तांडा, महागावच्या फाट्यावरून आत, निंबाच्या झाडापासून पयलं घर, दार उगवतीकडं. साहेब भला माणूस होता. त्यानं बाले खुर्चीवर बसवलं अन् समजावलं, लापता म्हणजे सापडत नाही. बा म्हणे हो साहेब, त्याले आमी सापडत नसू, म्हणून तं पत्ता आणला. साहेबानं मंग बा सांगे तसं लिवून घेतलं अन् चहा पाजला. हे बानं घरी येऊन सांगितलं तवा माय हासली नाई. तिले समजलं होतं. पण तिनं बाले कधी सांगितलं नाई, अन् बानं कधी दुसरं मानलं नाई.

मंग त्याच्या पलटणीतला एक सोबती आला होता, बुलढाण्याकडचा. तो रडत रडत सांगे, बर्फाचा कडा सुटला, हिरामण खेचराच्या मागं होता, खेचर एकटंच खाली आलं, ओझ्यासकट, एक गोणी बी सरकली नव्हती, अन् हिरामण नाई आला. आमी बर्फ उकरलं, नाई सापडला. बानं त्याले जेवू घातलं अन् इचारलं, मेलेला पाह्यला का तू? तो म्हणे नाई. बा म्हणे मंग जेव.

तवापासून आमच्या घरचा कायदा झाला. निंबाले कुऱ्हाड लावाची नाई. घर बांधलं तरी दार उगवतीकडंच. अन् दिवसा दार लावाचं नाई. माह्यं लगन झालं तं नवऱ्यालेच अठी आणलं, घर बंद पडाले नको म्हणून. त्याले लोक घरजावई म्हणून चिडवत, तो म्हणे मी घरजावई नाई, मी खुंटा हाये, पत्त्याले बांधलेला. लय गमत्या माणूस होता. बा मेला तवा त्याच्या तोंडात पाणी घातलं मी, अन् तो काय म्हणे, देवाचं, सेवाभायाचं नाव घे म्हटलं तं म्हणे, फाट्यावर कोणी उतरलं का ते पाह्य.

आता तू शिकेल पोट्टा, तू म्हणशीन याडीले समजत नाई. माह्या पोरानं बी शाळेत असताना मले शिकवलं, आई, लापता म्हणजे असं असं. मी म्हटलं माहीत हाये. मले कधीचंच माहीत होतं. पण समजणं येगळं अन् भेव येगळं. सायकलची घंटी वाजली की हातातलं टाकून दारात धावते, अजून बी, आता सायकलवाला पोस्टमन बी नाई राह्यला.

बरं, तवा त्याले कोणी शहीद म्हणत नव्हतं. कितीक वर्षं कोणाले यादच नव्हती की या तांड्यातला एक पोट्टा फौजेत होता. मंग टीव्हीवर एक लढाई दिसली, पेट्या आल्या झेंड्यात गुंडाळून, सारा देश रडला, मी बी रडली, अन् लोकाइले याद आली की आपल्याकडं बी एक हाये. मले झेंडावंदनाले बोलावलं, नारळ देला, शाल देली. मले बरं वाटलं, खोटं कायले बोलू. पयल्या वर्षी सरपंच म्हणे, यानं बर्फात प्राण देला. मी मनात म्हटलं देला नसन, पण असू दे. दुसऱ्या वर्षी त्याच्या हातात बंदूक आली. मंग एका वर्षी तो एकटा उभा राह्यला. मंग टँक आला. बाबू, दर वर्षी माह्या भावाले काहीतरी नवीन भेटे अन् जुनं एक हातातून जाये. पयले गेली दाळ-पिठाची गोणी, मंग गेलं खेचर. एकदा मी मास्तरले म्हटलं, खेचराचं बी सांगा जी. तो म्हणे आजी, लेकराइसमोर खेचर बरं नाही दिसत.

माह्या नातवानं, आकाशनं, हे भाषण ऐकूनच दूध पेलं समज. पहाटे उठते, फाट्यापर्यंत पळते, भरतीची तयारी. मी त्याले म्हणे, पळ बाबू, पण तुह्या हिरामण आजोबाले मी ओळखत होती, तो गोण्या बांधे. तो म्हणे आजी, तू लहान होती, तुले काय माहीत.

तं त्याइनंच काढलं, आकाशनं अन् त्याच्या दोस्ताइनं, की तांड्याचं नाव बदलाचं. शहीद वीर हिरामण नगर. मले सांगाले आले तवा मी पयले आयकलं वीरा. वीरा हिरामण. मले वाटलं पोट्ट्याइनं माह्यासारखंच नाव घेतलं, माह्या डोळ्यात पाणी आलं, मी म्हटलं हो लावा, लावा. मंग आकाशनं पुरं सांगितलं, की रूपला नायकाचा तांडा हे नाव निंघून जाईन. फाट्यावरची पाटी, कागद, सारंच.

त्या दिवसापासून बाबू, माह्या पोटात जे भेव बसलं ते उठलं नाई. तू हासशीन. आता तो असला तरी म्हातारा असन, दात पडेल, कुठी असन, कोणाच्या घरी असन, येडा झाला असन, सारं मले समजते. पण बानं तोंडानं सांगितलेला पत्ता तोच हाये. त्याले दुसरा माहीत नाई. तो आला अन् इचारलं, रूपला नायकाचा तांडा कुठी, अन् लोक म्हणाले नाई बा असं गाव, तं?

अन् त्याच्यापेक्षा मोठं भेव सांगू का, हे मी कोणाले सांगितलं नाई. तो आला अन् त्याले घर सापडलं, तं? टँक अडवणारा नाई, खेचराच्या वासाचा एक म्हातारा फाट्यावर उतरला, तं हे पोट्टे त्याले काय करतीन? त्याले म्हणतीन तू पळाला. तू इतके दिवस कुठी होता, कोणाकडं होता. शहीद जिवंत आला तं तो शहीद नाई राहत बाबू, तो चोर होते. मी दारात बसून त्याची वाट पाहो, अन् मनात म्हणो नको येऊ.

ग्रामसभा झाली शाळेत. मी बोलाले उभी राह्यली. मी म्हटलं नवीन नाव वर लिवा, मोठं लिवा, पण खाली बारीक अक्षरात जुनं राहू द्या. मागून एक पोट्टा म्हणे, याडीले पाटीवर सातबारा पायजे. लोक हासले, मी बी हासली. सरपंच गोड माणूस, तो म्हणे याडी, हिरामण तुहाच भाऊ, तुले तं आनंद पायजे. रूपला नाईक कोण होता, त्यानं देशासाठी काय केलं? मी म्हटलं फौजेले धान्य पोचवलं. तो म्हणे कोणाच्या फौजेले? अन् माह्या तोंडातून निंघून गेलं, आजा सांगे तेच. मी म्हटलं, सगळ्याइच्या.

सारे वळून माह्याकडं पाहाले लागले. मले समजलं नाई मी काय वाईट बोलली. मंग तोच मागचा पोट्टा म्हणे, म्हणजे दुश्मनाच्या बी. आता कोणी हासलं नाई. आकाशनं मान खाली घातली ती वर केली नाई.

कोणीतरी ते फोनमधी घेतलं होतं. माह्यं तोंड अन् तो एकच शब्द, सगळ्याइच्या, सगळ्याइच्या, पुन्हा पुन्हा. चार गावात फिरलं म्हणे. मंग दिवे लागाच्या वक्ती मोटरसायकली येत, आपल्याच तांड्यातले अन् बाहेरचे बी, या दारासमोर थांबत, भारत मातेचा जय म्हणत. मी बी आतून जय म्हणो, बाबू, माह्यी बी माय हाये ते. पण ते आयकाले थांबत नसत, गाडी घुमवत अन् जात. दार लावू वाटे. बाचा कायदा, लावता येईना. मी दाराच्या मागं, भिंतीले टेकून बसो, म्हणजे दार उघडं राहीन अन् मी दिसणार नाई.

आकाश माह्या हातचं जेवेना. एक दिवस म्हणे आजी, भरतीत पोलीस चौकशी होते, लोकाइनं हे सांगितलं तं मी काय करू? अन् रडला. एवढा मोठा, छाती फुगवून पळणारा पोट्टा, चुलीजवळ बसून रडला. मी म्हटलं आण तो नाव बदलाचा कागद. सही केली. बा असता तं त्यानं नसती केली, पण बाच्या समोर असा रडणारा नातू नव्हता.

पाटी लागली. चांगली हाये, निळी, वर झेंडा, वर त्याचं चित्र, बंदूकवालं. ते तोंड त्याचं नाई, पण आमच्याकडं त्याचा फोटोच नव्हता तं पोट्टे तरी काय करतीन. आता मोटरसायकली येत नाईत. सारे पाया पडते, शहिदाची बहीण म्हणते, आकाश जेवते. सारं ठीक हाये. मी दुपारी फाट्यावर जाऊन बसते. यष्टी थांबली की कंडक्टरले म्हणते, बाबू, जुनं नाव बी घेत जा. जुना कंडक्टर घेते. नवीन म्हणते आजी, मशीनमधी नाही. त्याचा तरी काय दोष.

तू काय लिवशीन ते लिव. टँक बी लिव, तुले मार्क भेटत असतीन तं. एवढंच कर, सगळ्यात वर जुनं नाव टाक, मोठ्या अक्षरात. कागद कुठी कुठी जाते, कोण कुठी वाचते. सेवाभाया तुह्यं भलं करो. जाताना दार लोटू नको.

याडीने सांगितलं तसं जुनं नाव मी सगळ्यात वर टाकलं आहे. सरांनी मजकूर परत दिला. ते रागावले नाहीत, पण मुख्य प्रसंगच राहिला आहे, तेवढा घालून आण म्हणाले. मी अजून घातलेला नाही.

दुसरीकडे कुठे देण्याआधी आकाशला दाखवायला हवं, असं मला वाटलं. आजी त्याची, आणि त्याचंही नाव यात आहे. मी फोनवर पाठवलं. त्याने वाचल्याची खूण दिसली आणि मग बरेच दिवस काहीच आलं नाही. तो चिडला असेल, आता तांड्यावर जायला मला तोंड उरलं नाही, या भीतीत मी होतो. गेल्या रविवारी त्याचा फोन आला. तो घराबाहेर, रस्त्यावर उभा राहून बोलत होता, हळू आवाजात.

पाटी लागली त्या उन्हाळ्यातली गोष्ट, म्हणाला. महागावला चहाच्या टपरीवर तो एकटा उभा होता. नांदेडकडून आलेल्या गाडीतून एक म्हातारा उतरला. हातात कापडी पिशवी. हिंदी बोलत होता, पण मधूनच आपला शब्द निघत होता. रूपला नायकाचा तांडा कुठे, असं त्याने विचारलं. आकाशने अभिमानाने सांगितलं की ते नाव आता नाही, आता ते शहीद वीर हिरामण नगर आहे आणि मी त्याच घरचा. म्हातारा म्हणाला, हिरामण शहीद झाला? तेव्हा आकाशने त्याला चहा सांगितला आणि सगळं भाषण म्हणून दाखवलं, बर्फ, बंदूक, टँक. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं. ग्लास त्याच्या हातात तसाच होता. मग त्याने एकच गोष्ट विचारली. आकाशला हसू आलं. तो म्हणाला, बाबा, तसलं काही नव्हतं त्यात, टँक होता. म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला, आकाशच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत जाणाऱ्या गाडीत जाऊन बसला.

सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं, म्हणून कोणाला बोललो नाही, आकाश म्हणाला. तू पाठवलेलं वाचलं तेव्हा आठवलं. आजीला सांगू का, असं त्याने मला विचारलं.  मी फक्त विचारलं, काय विचारलं होतं त्यांनी, नेमके शब्द सांग.  मग म्हाताऱ्याने आपल्या वऱ्हाडीत विचारलेलं त्याने मला तसंच सांगितलं:

"अन् खेचर? ते खाली पोचलं का?"